बरणीच्या तोंडाला बांधलेलं प्लास्टिक

बिरामामा, तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी प्लांटवर आम्ही तुमची शोकसभा घेतली आणि ती पार हाताबाहेर गेली. दोन मिनिटं शांत उभं राहायचं ठरलं होतं. एक मिनिट झालं असेल नसेल, तोच मागे उभा असलेला आमचा इलेक्ट्रिशियन पवार फसकन हसला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तो तोंडावर हात धरून म्हणाला, "माफ करा, मला ते मुंबईचे साहेब आठवले."

मग काय, सगळ्यांनाच ते साहेब आठवले. पाहणीला आलेले, नाकाला रुमाल लावून वाफ्यांच्या कडेने चालणारे. तुम्ही फावडं टेकवून अदबीने त्यांना विचारलं होतं, "सायब, काल मुक्कामाला रेस्ट हाऊसलाच व्हता न्हवं?" ते हो म्हणाले. तुम्ही म्हणालात, "मग ह्यात तुमचंबी हाय की. नाक कशाला धरताय?"

त्यानंतर शोकसभा राहिली बाजूला. प्रत्येकाकडे तुमची एकेक गोष्ट होती. आमचे इंजिनिअरसाहेब, जे वाढदिवसालाही हसत नाहीत, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते रडून पुसले की हसून ते आम्हाला कळलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी तुम्ही गाळ चाखल्याची गोष्ट सांगितली. सगळ्यांत जास्त हशा मलाच मिळाला. मी खाली बसलो, आणि बसल्याबसल्या माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं. सोपी गोष्ट सांगितली आणि दुसरी गिळली.

ती दुसरी इथे सांगतो. पण आधी सोपीच सांगतो, कारण तिच्याशिवाय तुम्ही कोण होतात ते वाचणाऱ्याला कळणार नाही.

सोलापूरचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या आमच्या केंद्रात मी केमिस्ट म्हणून लागलो तेव्हा तुम्ही तिथे जुने झाला होतात. पाणी स्वच्छ होऊन पुढे जातं आणि मागे उरतो तो गाळ. तो मोठमोठ्या वाफ्यांत पसरून वाळवायचा. वाळला की शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतात आणि खत म्हणून नेतात. ते वाफे म्हणजे तुमचं राज्य. टाक्यांनाही तुम्ही नावं ठेवली होती. पहिली 'थोरली', दुसरी 'धाकटी', आणि जिच्यात हवा सोडतात आणि पांढरा फेस वर येतो ती 'दुभती'. मी रुजू झालो त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत, "सायब, आज दुभती जरा रुसलीय," आणि मी अर्धा तास प्लांटवर गाय शोधत होतो.

तुम्ही मूळचे सांगोल्याकडचे. लहानपण मेंढरांमागे गेलेलं. तुमच्याकडे शेतकरी कळप आपल्या रानात बसवून घ्यायला निरोप पाठवायचे, कारण मेंढरं जिथे चार रात्री बसतात तिथली ज्वारी वेगळी उठते. त्यामुळे खत या विषयात तुम्हाला कुणी काही शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी खिडकीतून पाहिलं, तुम्ही वाळल्या गाळाची चिमूट तळहातावर चोळलीत, वास घेतलात आणि जिभेच्या टोकाला लावलीत. पांढरा कोट घातलेला मी ओरडत धावत सुटलो. नको मामा, नको मामा, जंतू आहेत! आणि धावता धावता ओल्या वाफ्यात गुडघ्यापर्यंत गेलो. तुम्ही शांतपणे थुंकलात, मला बखोटीला धरून वर काढलंत आणि म्हणालात, "खत मी चाखलं आन् आंगाला तुमी लावलंत. आता कोन कुनाला धुनार?"

तुम्हीच धुतलंत. पाइपने, उभं करून, बैल धुतात तसं.

त्या दिवसापासून आपली जी काही दोस्ती झाली तिला नाव नाही. तुम्ही मला 'सायब' म्हणायचात, मी तुम्हाला 'मामा'. दोघांनीही कधी हद्द ओलांडली नाही, पण दुपारचा डबा मात्र आपण एकत्रच खाल्ला. मी सांगायचो ती केमिस्ट्री तुम्ही ऐकायचात आणि तिचं तुमच्या भाषेत असं काही करायचात की मलाच ती पहिल्यांदा समजायची.

प्लास्टिसायझरचंच घ्या. पुण्याला चार दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलो आणि हा एक शब्द घेऊन आलो. तुम्ही विचारलंत, हे काय नवीन? मी सांगितलं की प्लास्टिक मुळात कडक असतं. चप्पल मऊ व्हावी, रेक्झिन वाकावं, पारदर्शक पिशवी चुरगळता यावी म्हणून त्यात एक तेलासारखं रसायन मिसळतात. ते प्लास्टिकला पक्कं चिकटलेलं नसतं. हळूहळू सुटतं, धुण्यात उतरतं, गटारात येतं. पाण्यात ते राहत नाही, गाळाला धरून बसतं. तुम्ही भाकरीचा तुकडा हातातच ठेवून विचार केलात.

"म्हंजे नव्या घोंगड्यागत."

"कसं?"

"नवं घोंगडं धुतलं की मेंढराचं त्याल निघतंय. दर धुन्याला थोडं थोडं. वरीसभर निघतंय. पान्यावर न्हाय ऱ्हात, ज्येला चिकटंल त्येला चिकटतंय."

मी चार दिवसांत जे शिकलो होतो ते तुम्ही एका घोंगड्यात बसवलंत. पुढे कितीतरी कार्यक्रमांत मी हेच उदाहरण दिलं आणि तुमचं नाव सांगितलं नाही. हीही एक कबुली, पण किरकोळ. यापेक्षा मोठी पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी टपरीवरून चहा आला. तो नेहमी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गरम गरम यायचा, वर दोऱ्याने गाठ मारलेली. तुम्ही ती पिशवी उन्हात धरून बघितलीत. "सायब, ह्यात हाय का ते त्याल?" मी म्हणालो, या पिशवीत बहुधा नसेल, प्रत्येक प्लास्टिकमध्ये नसतं, पण खात्रीने सांगता येणार नाही. तुम्हाला तेवढं पुरलं. पुढच्या दिवशी तुम्ही घरून स्टीलची किटली आणलीत आणि तुमच्या एकट्यासाठीच नाही, तर सगळ्या प्लांटसाठी तीच सुरू केलीत. टपरीवाला चिडला. "मामा, किटली धुवायला काय तुमचा बाप येणार का?" तुम्ही म्हणालात, "बाप मेंढरं घिऊन गेलाय, मीच धुतो की." आजही चहा किटलीतूनच येतो, मामा. शोकसभेलाही तसाच आला.

त्यानंतर तुम्हीच म्हणालात, "मग आपल्या गाळात किती हाय ते बगा की. लोकं रानात टाकत्यात." माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं असं नाही. पण बोललात तुम्ही. धातूंच्या तपासणीसाठी नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत जाणारच होते. त्यात हीही एक तपासणी घालायला मी इंजिनिअरसाहेबांना तयार केलं.

आता अडचण अशी की या तपासणीत नमुन्याला कुठेही प्लास्टिक लागून चालत नाही, आणि आमच्या प्रयोगशाळेत कॅन, नळी, चमचा सगळंच प्लास्टिकचं. मी घरून बायकोच्या लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या आणल्या, काचेच्याच झाकणांच्या. त्या बरण्यांत पुन्हा लोणचं घालायला ती आजही तयार नाही. तुम्ही लोखंडी घमेलं घासूनपुसून आणलंत, मामींच्या स्वयंपाकघरातली स्टीलची पळी आणलीत. वरची साय बाजूला सारून, पाच ठिकाणचा गाळ हातभर खोलातून काढून, घमेल्यात एकजीव करून बरण्यांत भरलात. मी शेजारी उभा राहून बघत होतो. त्याहून नीट नमुना मी आयुष्यात पाहिलेला नाही. हे वाक्य मी तेव्हा लिहायला हवं होतं. आज लिहितो आहे.

बरण्या घेऊन मी पुण्याला निघालो तेव्हा एसटी स्टँडवर सोडायला तुम्ही आला होतात. झाकणं सैल होती आणि मे महिन्याचं ऊन होतं. कंडक्टरने पिशवी हुंगली.

"काय आहे ह्यात?"

"लोणचं," मी म्हणालो.

"कसलं?"

तुम्ही मध्ये पडलात. "गावठी हाय. मुरायला वेळ लागतोय."

"मुरलंय चांगलं," कंडक्टर म्हणाला. "वास बंद करा, नायतर खाली उतरा."

मी घाबरलो. पाच तासांचा रस्ता, आणि पुण्याची वेळ ठरलेली. मी स्टँडवरच्या दुकानातून एक जाड मऊ प्लास्टिकचा कागद आणला, त्याचे तीन तुकडे केले, प्रत्येक बरणीच्या तोंडावर एक ताणून बसवला आणि वरून झाकण दाबलं. तुम्ही बघत होतात.

"सायब, प्लास्टिक?"

"बाहेरूनच आहे, मामा."

ते बाहेरून नव्हतं. तोंडावर होतं. पाच तास ती गाडी हिंदकळत गेली आणि ओला गाळ त्या कागदाला खालून लागत राहिला. मी केमिस्ट, मांडीवर बरण्या घेऊन बसलेला, आणि माझ्या पदवीला जे सुचलं नाही ते तुम्ही एका शब्दात विचारलं होतं.

अहवाल आला. आकडा मोठा होता. इंजिनिअरसाहेबांनी मला बोलावलं आणि कागद पुढे सरकवला. "हे काय आहे? खत बंद करायचं का आता? पेरणीच्या आधी शेतकरी दारात उभे आहेत. त्यांना काय सांगू?"

मला तेव्हा दोन वाक्यं बोलायची होती. एक, बरणीच्या तोंडाला मी प्लास्टिक लावलं, त्यामुळे आकडा वाढला असेल. दोन, पण सगळा आकडा त्यातून आला असेल असं वाटत नाही, पुन्हा तपासू. त्याऐवजी मी म्हणालो, "नमुना दूषित झाला असावा."

"कुणी घेतला?"

"बिरामामांनी."

"कशात?"

मी थांबलो. किती वेळ थांबलो ते मला अजून आठवतं. बाहेर दुभतीचा पंप चालू झाला तेवढा वेळ. मग म्हणालो, "बादलीत असेल."

"प्लास्टिकच्या?"

"असेल."

मामा, 'असेल' हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. पण साहेबांनी तो कागदावर लिहिला तेव्हा त्याचा 'होती' झाला. कर्मचाऱ्याने निष्काळजीपणे प्लास्टिकची बादली वापरल्यामुळे नमुना दूषित, सबब अहवाल ग्राह्य धरू नये. तुम्हाला नोटीस निघाली. नमुने घेण्याचं काम तुमच्याकडून काढून तुम्हाला गेटवर बसवलं.

नोटीस घेऊन तुम्ही माझ्याकडे आलात. वाचून झाली होती, तरी मलाच वाचून दाखवायला लावलीत. मग विचारलंत, "सायब, ह्यात बादली कुटनं आली?"

मी म्हणालो, "मामा, कागदापुरतं आहे. कुणाचं तरी नाव लागतं."

मला वाटलं आता तुम्ही ओरडाल. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही खिशातलं पेन काढलंत, सही केलीत आणि म्हणालात, "असू द्या. पन परत करा की तपासनी. आवंदा फडकं बांदू बरनीला."

मी म्हणालो, करू.

तीन वर्षं मी 'करू' म्हणत राहिलो. गेटवर तुम्ही लवकरच रुळलात. येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना तुम्ही कुठल्या पिकाला किती गाळ लागेल ते सांगायचात, ज्याची ट्रॉली गळकी असेल त्याला गाठून गोणपाट लावायला लावायचात, आणि मी सकाळी आलो की उभं राहून सलाम ठोकायचात. तो सलाम थट्टेतला होता हे मला कळायचं. तरी मी रोज मान खाली घालून आत जायचो. अधूनमधून आपलं भांडण व्हायचं, तेच ते, अर्धवट राहिलेलं.

"सायब, झाली का तपासनी?"

"मामा, नियमांत त्याची हद्द दिलेली मला कुठे सापडत नाही. कितीपासून धोका धरायचा तेच माहीत नाही. मातीतले जंतू ते हळूहळू खातातही."

"मग एवडं सांगा की शेतकऱ्याला. घ्याचं का न्हाय ते त्यो बगंल."

"उगाच घाबरतील."

"घाबरू द्या की. मेंढराला लांडगा सांगितला म्हनून मेंढरू मरत न्हाय."

मी घड्याळाकडे पाहून निघायचो. खरं कारण मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुन्हा तपासणी केली आणि गाळ स्वच्छ निघाला, तर प्लास्टिक कुणी लावलं हा प्रश्न आला असता. घाण निघाला, तर तीन वर्षं खत का जाऊ दिलं हा प्रश्न आला असता. दोन्ही प्रश्नांचं उत्तर मीच होतो. म्हणून मी बरणी धुतलीच नाही.

आता वांग्यांचं. हे सांगायला मला सगळ्यात अवघड जातं, आणि हसूही येतं, ते का येतं ते तुम्हीच जाणा. शहराबाहेरच्या वस्तीवर घरामागे तुमचा पाचसहा वाफ्यांचा मळा. त्यात आपला गाळ. तुमची वांगी अशी यायची की बघत राहावं, जांभळी, तुकतुकीत, देठाला काटे. दर आठवड्याला माझ्या टेबलावर तुम्ही एक पिशवी ठेवायचात. कापडी पिशवी, हे सांगायला नको. मी ती घरी न्यायचो आणि शेजाऱ्यांच्या दारात ठेवून यायचो. घरी एकदाही खाल्ली नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारायचात, "कशी झालती भाजी?" आणि मी सांगायचो, "एक नंबर, मामा." एकदा तर मी शेंगदाण्याचा कूट, काळा मसाला, थोडं खोबरं, अशी न केलेल्या भाजीची कृती सांगितली. तुम्ही इतकं मन लावून ऐकलंत की दुसऱ्या दिवशी मामींना तशीच करायला लावलीत आणि मला डबा आणून दिलात. तो डबा मी तुमच्यासमोर खाल्ला. फार चांगली झाली होती.

आमच्या शेजाऱ्यांनी काय पाप केलं होतं? त्यांनाही मी सांगितलं नाही. आणि तुम्ही तर रोज ती खात होतात, तुम्हाला 'मामा, तपासून होईपर्यंत घरच्या मळ्यात गाळ टाकू नका' एवढंसुद्धा म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तुम्ही विचारलं असतं, मंग आदुगर का न्हाय सांगितलंत?

तुम्ही निवृत्त झालात आणि वर्षही न उलटता गेलात. हृदयाचं झालं, असं डॉक्टर म्हणाले. गाळाचा त्याच्याशी संबंध होता असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे काहीच आधार नाही, आणि आधाराशिवाय बोलून मी एकदा पुरेसं नुकसान केलं आहे.

दहाव्यानंतर मी वस्तीवर गेलो. मामी मेंढीच्या कोकराला बाटलीने दूध पाजत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आला व्हय? ह्यांनी लई वाट बगितली तुमची. बसा, जेवा." नको म्हणायला जागा नव्हती. ताट आलं. भाकरी, कांदा आणि वांग्याची भाजी.

मी घास मोडला आणि हात थांबला. मग सगळं सांगितलं. बरण्या, कागद, 'असेल', नोटीस, शेजारी, सगळं. मध्ये कुठे रडलोही असेन. मामींनी कोकराच्या तोंडातली बाटली काढली नाही. ऐकून घेतलं. मग उठल्या, माझ्यासमोरचं ताट उचललं, भाजी बाजूला काढली आणि ताटात शेंगाचटणी वाढून पुन्हा पुढे ठेवली.

"एवडंच व्हतं," त्या म्हणाल्या. "तवा तोंडानं बोलला असता, तर तवाच ताट बदललं असतं."

मी खाली मान घालून खायला लागलो.

"आन् मला कशाला सांगताय? मी काय हापिसात हाय का? त्या कागदावर ह्यांच्या नावापुडं बादली लिवलीय, ती काढा. आमच्याकडं प्लास्टिकची बादली घरातबी न्हवती. ह्यांनी आणू दिली न्हाय."

मी म्हणालो, काढतो. त्या म्हणाल्या, "'काढतो' म्हनू नगा. ह्यांना 'करू' म्हनत व्हता तुमी. मला म्हाईत हाय. काढली की या, मग बोलू." आणि मग, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, "चटनी तिकट झालीय का वो?"

दुसऱ्या दिवशी मी तुमचंच घमेलं शोधून काढलं. ते स्टोअरमागे पडलं होतं, त्यात कुत्र्याला पाणी ठेवत होते. घासलं. बायकोने बरण्या देताना फक्त एवढंच म्हटलं, "आता परत आणू नका." साय बाजूला सारली, पाच ठिकाणी हातभर खोल गेलो, एकजीव केलं. तुम्ही हे किती सहज करायचात! माझी कंबर तीन दिवस धरली होती. बरण्यांच्या तोंडाला ॲल्युमिनियमचा कागद लावला आणि एसटीने न जाता पवारच्या भावाच्या टेम्पोत मागे बसून गेलो. वास घेणारा मी एकटाच होतो.

अहवाल मागच्या आठवड्यात आला. आकडा पहिल्यापेक्षा कमी आहे. म्हणजे माझ्या कागदाने भर घातली होती. पण आकडा आहे, आणि लहान नाही. म्हणजे तुमच्या नमुन्याने तेव्हा जे सांगितलं ते खरं होतं.

मी एक पत्र लिहिलं. पहिला नमुना कर्मचारी बिराप्पा यांनी अचूक पद्धतीने, लोखंडी घमेल्यात आणि काचेच्या बरणीत घेतला होता. प्लास्टिकचा वापर मी, केमिस्टने, वाहतुकीच्या वेळी केला आणि त्याचा दोष त्यांच्यावर जाऊ दिला. त्यांच्यावरील नोटीस मागे घ्यावी. दुसरा परिच्छेद, गाळाचं काय करायचं ते ठरेपर्यंत तो शेतात देऊ नये.

इंजिनिअरसाहेबांनी ते दोनदा वाचलं. "आता कशाला उकरताय? माणूस गेला."

"माणूस गेला, साहेब. गाळ अजून जातो आहे."

मग त्यांनी दोन्ही परिच्छेदांखाली सही केली आणि लगोलग मला कारणे दाखवा नोटीस काढली. मामा, विश्वास ठेवा, ती हातात घेताना मला जे हलकं वाटलं ते तुम्हाला सांगून पटणार नाही. पवार म्हणाला, "साहेब, नोटीस आल्यावर पेढे वाटणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय." पेढे वाटले नव्हते, पण वाटायला हवे होते. तुमची नोटीस मागे घेतल्याच्या आदेशाची प्रत घेऊन मी वस्तीवर गेलो. मामींनी ती मला मोठ्याने वाचायला लावली, शेजारणीला हाक मारून पुन्हा वाचायला लावली, आणि तिसऱ्यांदा वाचायला लावली तेव्हा मला कळलं की त्या हसत आहेत.

खत बंद झालं तो पहिला दिवस आज होता. गेटवर मी उभा राहिलो, दुसऱ्या कुणाला उभं करणं बरं दिसलं नसतं. तीन ट्रॅक्टर रिकामे परत गेले. पहिल्याने मला शिव्या दिल्या. दुसऱ्याने माझ्या खानदानाला दिल्या, आणि त्यातली एक इतकी नवी होती की पवारने ती दोनदा म्हणवून घेतली. तिसऱ्याने मात्र शिवी दिली नाही. पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आदुगरच्या इतक्या सालाचं काय? माज्या रानात पडलंय ते."

मी म्हणालो, माहीत नाही.

"मग म्हाईत कुनाला हाय?"

"अजून कुणालाच नाही. माती तपासावी लागेल. मी येऊन नमुना घेतो, आणि काय निघेल ते तुम्हालाच आधी सांगतो."

"सांगशील?" तो म्हणाला. त्याने 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला वेळ लावला नाही, आणि मला ते योग्यच वाटलं. "चांगलं निगो वाईट निगो?"

"सांगेन."

मग त्याने रस्ता सांगितला. कॅनॉल ओलांडून डावीकडे, दोन बाभळी, पुढे पत्र्याचं शेड, तिथून तिसरा बांध. मी लिहून घेतला आणि चुकू नये म्हणून त्याला वाचून दाखवला. त्याने एका ठिकाणी दुरुस्ती केली. डावीकडे नव्हे, उजवीकडे.

उद्या सकाळी सातला तो बांधावर उभा राहणार आहे, मामा. मी साडेसहालाच पोचतो.